आभार नकोत, हिशोब द्या!

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की वडखळ नाक्यापासून डोलवी, गडबपर्यंत हवा बदलते. थंडीमुळे नाही हो, आमच्या खारेपाटात थंडी ती किती पडणार! हवा बदलते ती फ्लेक्समुळे. रातोरात बांबू उभे राहतात. त्यावर पांढरे कपडे, हात जोडलेले, बाजूला गोल चौकटींमध्ये पंधरा-वीस चेहरे (त्यातले निम्मे शुभेच्छुक आणि निम्मे पुढच्या वेळचे इच्छुक), आणि खाली ठरलेला मजकूर. सरत्या वर्षात आपण दिलेल्या प्रेमाबद्दल, विश्वासाबद्दल, आशीर्वादाबद्दल ऋण व्यक्त केलेलं असतं. ज्यांना फ्लेक्स पुरत नाही ते फेसबुकवर लांबलचक लिहितात, व्हॉट्सॅपवर व्हिडिओ पाठवतात. मागे बासरी वाजत असते. "मागे वळून पाहताना" अशी सुरुवात असते आणि शेवटी मायबाप जनतेच्या चरणी नतमस्तक.

कोणाचंही नाव घेत नाहीये, कारण त्याची गरजच नाही. पक्ष कुठलाही असो, पद ग्रामपंचायत सदस्याचं असो नाहीतर त्याहून मोठं, मजकूर एकच. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाने कोड लिहिला आणि बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट केला. फक्त फोटोचा व्हेरिएबल बदलला :-)

तर आजचा विषय हा वर्षअखेरीचा आभारप्रदर्शनाचा सोहळा. माझं म्हणणं एका वाक्यात आधीच सांगून टाकतो: लोकप्रतिनिधीने लोकांचे आभार मानणं वाईट नाही, पण हिशोबाच्या जागी आभार मानणं ही शुद्ध फसवणूक आहे, आणि आपण ती टाळ्या वाजवून स्वीकारतो.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, "अरे, माणूस नम्रपणे थँक्यू म्हणतोय, त्यातही तुला खोट दिसते?" आक्षेप योग्य आहे, म्हणून आधी त्यालाच उत्तर देतो.

गावपातळीवरचा राजकारणी काम करत नाही असं मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता अॅम्ब्युलन्स हवी असेल, कुणाला साप चावला असेल, पोलीस ठाण्यात पोरगं अडकलं असेल, तर आपण काय कलेक्टरला फोन करत नाही. आपण ह्या माणसालाच उठवतो, आणि तो उठतो. लग्नाला येतो, मयताला येतो, दहाव्यालाही येतो. वीकएंडला सुद्धा फोन बंद न ठेवणाऱ्या ह्या माणसाबद्दल मला आदर आहे. (आमच्याकडे ऑन-कॉल ड्यूटी आठवड्याने बदलते. त्याची पाच वर्षं बदलत नाही.)

पण नीट बघा. ही सगळी कामं व्यक्तिगत उपकाराच्या जातीची आहेत. मी तुझ्यासाठी उठलो, तू माझ्यासाठी लक्षात ठेव. हा व्यवहार दोन माणसांमधला झाला. गावाचं पाणी, गटार, शाळा, रस्ता, बांध, रोजगार हा व्यवहार गाव आणि त्याचा प्रतिनिधी ह्यांच्यातला आहे, आणि तिथे उपकार नसतो. तिथे जबाबदारी असते, पैसा असतो, आणि त्याचा हिशोब असतो. वर्षअखेरीच्या पोस्टमध्ये नेमकी हीच गल्लत केली जाते. दुसऱ्या प्रकारच्या कामाला पहिल्या प्रकारची भाषा चिकटवतात. मग रस्ता हासुद्धा उपकार होतो, आणि उपकार करणाऱ्याला कोणी खर्च विचारत नाही.

भाषेचंच बघू या. ह्या पोस्टमधली क्रियापदं कधी वाचली आहेत का तुम्ही? "प्रश्न मार्गी लावला." कुठल्या मार्गी? पोचला का कुठे? "निधी खेचून आणला." निधी म्हणजे काय बैल आहे का खेचून आणायला? "प्रयत्नांना यश आले." किती प्रयत्न, किती यश? आणि ह्या सगळ्यांचा बादशहा म्हणजे "पाठपुरावा". सातत्याने पाठपुरावा सुरू आहे. हा शब्द ज्याने शोधला त्याला नमस्कार. पाठपुरावा कधीच अपयशी होत नाही, कारण तो कधीच संपत नाही. माझ्या टीममध्ये कोणी स्टेटस रिपोर्टमध्ये सलग चार आठवडे "फॉलोअप चालू आहे" असं लिहिलं तर पाचव्या आठवड्यात मॅनेजर त्याला खोलीत बोलावतो. इथे चार वर्षं लिहिलं तरी पाचव्या वर्षी हार घालतात.

बरं, पैसा कोणाचा? हा प्रश्न विचारणं असभ्य समजलं जातं, म्हणून मुद्दाम विचारतो. गावातलं एखादं काम साधारण ह्यांपैकी कुठल्यातरी खिशातून होतं. ग्रामपंचायतीचे स्वतःचे कर. वित्त आयोगाचा निधी, जो केंद्राकडून थेट खाली येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६ मध्ये, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता आणि ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता. मग आमदार निधी, जो महाराष्ट्रात २०२२ पासून वर्षाला ५ कोटी झाला. खासदार निधी, तोही वर्षाला ५ कोटी. आणि जिथे मोठे कारखाने आहेत तिथे सीएसआर. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं की ठराविक मर्यादेच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, आणि ते करताना आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं.

ह्या यादीत एक गोष्ट कुठेच नाही: फ्लेक्सवरच्या माणसाचा स्वतःचा खिसा. तरीही उद्घाटनाच्या दिवशी "यांच्या सौजन्याने" असतं. सौजन्य?! खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर पाटी कशी असावी हेही दिलेलं आहे: खर्च किती, काम सुरू कधी झालं, संपलं कधी, आणि खासदाराचं नाव. आपण पाट्या वाचतो तेव्हा ह्यातली कुठली गोष्ट सगळ्यात मोठ्या अक्षरात असते ते तुम्हीच आठवा.

आता कायदा. आणि इथे मला खरंच गंमत वाटते, कारण वर्षभराचं "सिंहावलोकन" करा असं कायदा स्वतःच सांगतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, कलम ७. दरवर्षी किमान चार ग्रामसभा. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे काय ठेवायचं? मागच्या वर्षाचा जमाखर्च, मागच्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षातल्या विकासकामांचा कार्यक्रम, शेवटच्या लेखापरीक्षणातले आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरं. म्हणजे मागे वळून पाहायचं आहेच, पण बासरीच्या सुरात नाही, आकड्यांत! आणि वर्ष ३१ डिसेंबरला संपत नाही, ३१ मार्चला संपतं.

मग डिसेंबरच्या अखेरीला आभाराचा एवढा पूर आणि मार्चनंतर हिशोबाच्या वेळी एवढी शांतता का? उत्तर सोपं आहे. आभाराला उलट प्रश्न विचारता येत नाही. "मी आपला ऋणी आहे" ह्यावर काय विचारणार? किती टक्के ऋणी? पण "नळपाणी योजनेवर इतके रुपये खर्च झाले" असं म्हटलं की लगेच कोणीतरी उठून म्हणतो, मग आमच्या आळीत पाणी का नाही? म्हणून पहिलं वाक्य फ्लेक्सवर जातं आणि दुसरं फायलीत.

ग्रामसभेची गणपूर्ती किती लागते माहीत आहे? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, ह्यातलं जे कमी असेल ते. शंभर माणसं! आपल्याकडे साध्या साखरपुड्याला तीनशे येतात. आणि ही शंभरही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचीच गरज नसते. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

आता जरा डोलवीकडे वळतो, कारण इथे हा प्रश्न नुसता तत्त्वाचा राहत नाही.

आमचं गाव म्हणजे नकाशावर बारीक ठिपका, पण त्याच्या अंगावर दोन राक्षसी गोष्टी आहेत. एक कारखाना आणि दुसरा महामार्ग. नव्वदच्या दशकात इथे इस्पात आली. २०१० च्या अखेरीस तिचा ताबा जेएसडब्ल्यूकडे गेला. तेव्हा वर्षाला ३३ लाख टनांच्या आसपास असलेली क्षमता पुढे ५० लाख टनांवर आणि त्यानंतर १ कोटी टनांवर गेली, आणि आता ती दीड कोटीवर नेण्याचं काम हातात घेतलेलं आहे. समोर धरमतरची खाडी, तिथे जेटी, मालाची ये-जा. म्हणजे ज्या डोलवीचं नाव पुण्याच्या ऑफिसात सांगितलं तर "ते कुठे आलं?" असं विचारतात, त्या डोलवीचं पोलाद देशभर जातं.

कारखान्याविरुद्ध ओरडायला मी बसलेलो नाही. कारखान्याने ह्या भागात पगार आणले, दुकानं आणली, भाड्याच्या खोल्यांना गिऱ्हाईक आणलं. नुसत्या भातशेतीवर आणि खाडीतल्या मासळीवर भागलं असतं असा भाबडेपणा माझ्याकडे नाही. पण एवढी मोठी गोष्ट शेजारी असली की लोकप्रतिनिधीचं काम सरळ सरळ ठरतं: गाव आणि ही मोठी गोष्ट ह्यांच्यातला हिशोब मांडणं. ह्या वर्षी स्थानिकांपैकी किती जण कायम नोकरीत लागले आणि किती ठेकेदाराकडे? ग्रामपंचायतीला कारखान्याकडून कर किती मिळाला, मागच्या वर्षापेक्षा कमी की जास्त? सीएसआरमधून गावात नेमकं काय झालं आणि ते कोणी ठरवलं? हवेचं मोजमाप कुठे होतं आणि आकडे गावात कुठे लावलेले आहेत? खारबंदिस्तीचे बांध किती ठिकाणी फुटले, खारं पाणी किती शेतात शिरलं, दुरुस्ती कोणी करायची? खाडीत जाळं टाकणाऱ्याला ह्या वर्षी काय मिळालं?

असे पाच-सहा प्रश्न. प्रत्येकाला दोन ओळींचं उत्तर. झालं सिंहावलोकन! एका फ्लेक्सवर आरामात मावेल, गोल चौकटीतले चेहरे थोडे कमी केले तर.

दुसरा राक्षस मुंबई-गोवा महामार्ग. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पहिला टप्पा. चौपदरीकरणाचं काम २०११ च्या सुमारास सुरू झालं. ज्या वर्षी ते सुरू झालं त्या वर्षी पहिलीत गेलेलं पोर आज कॉलेजात आहे. मधल्या काळात कंत्राटं बदलली, सरकारं बदलली, मंत्री बदलले, तारखा तर इतक्या बदलल्या की मोजणाऱ्याने सोडून दिलं. आणि दरवर्षी गणपतीच्या आधी खड्डे पाहणी दौरा! त्याचे फोटोही डिसेंबरच्या आभारात पुन्हा येतात. जे काम वेळेत झालं असतं तर पाहणीची गरजच पडली नसती, त्या पाहणीबद्दल आपण श्रेय देतो. बग आपणच टाकायचा आणि तो शोधल्याबद्दल बक्षीस घ्यायचं, असलं अप्रेझल मला कुठल्या कंपनीत मिळेल? पत्ता सांगा, लगेच जॉईन होतो.

इथे अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला "मायबाप जनता" म्हणून गोंजारण्याची गरज नाही. हा जिल्हा हिशोब मागणाऱ्यांचा आहे. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यात चरी गाव आहे. तिथे १९३३ साली शेतकऱ्यांनी खोतांच्या विरोधात संप केला, जमीन कसायलाच नकार दिला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. संप चालला १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं! पोटाला चिमटा काढून, करवंदं-लाकडं विकून लोक टिकले. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४९ साली कायद्याने खोती गेली.

हे का आठवलं? कारण खोतसुद्धा वेळप्रसंगी सढळ हाताने द्यायचा. अडीनडीला भात, लग्नाला पैसे. फक्त वहीत काय लिहिलंय ते कुळाला दाखवायचा नाही. चरीच्या शेतकऱ्यांचं भांडण खोत गोड बोलतो की कडू, ह्याच्याशी नव्हतं. पीक किती, वाटा किती, हे कोण ठरवतो ह्याच्याशी होतं. त्यांच्या नातवंडांनी-पतवंडांनी "आपला सेवक" एवढे दोन शब्द वाचून वही बघायची राहू दिली, तर तो संप फुकट गेला म्हणायचा.

आणि फार लांब कशाला जायचं? २१ सप्टेंबर २००८. महामुंबई सेझसाठी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला मतचाचणी घ्यावी लागली. जमीन द्यायची की नाही, असं शेतकऱ्याला रांगेत उभं करून, कागदावर विचारलं गेलं. हे कोणाच्या सौजन्याने झालं नाही. लोक आंदोलनाला बसले, मोर्चे निघाले, प्रा. एन. डी. पाटलांसारखा म्हातारा माणूस उन्हातान्हात त्यांच्याबरोबर फिरला, तेव्हा झालं. ज्या लोकांनी सरकारला "आधी आम्हाला विचारा" असं सांगून दाखवलं, त्यांना "आधी आम्हाला दाखवा" एवढं सांगणं जड आहे का?

राहता राहिला खुद्द फ्लेक्स. विनापरवाना फलक लावून परिसर विद्रूप करणं हा महाराष्ट्रात १९९५ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल देताना बेकायदा होर्डिंगवरून महापालिका आणि राजकीय पक्षांना बजावलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सरकारी जाहिरातींतल्या व्यक्तिपूजेला लगाम घालायचा प्रयत्न केला होता. २०१६ मध्ये तो लगाम बराच सैल झाला, तो भाग वेगळा. १२ सप्टेंबर २०१९ ला चेन्नईत स्कूटरवरून घरी चाललेल्या २३ वर्षांच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअर मुलीवर एका राजकीय कार्यकर्त्याच्या घरच्या लग्नाचा फलक कोसळला, ती खाली पडली आणि मागून येणाऱ्या टँकरखाली गेली. आपल्यातलीच एक. तिचा त्या लग्नाशी, त्या पक्षाशी काही संबंध नव्हता. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ माणसं गेली. तो जाहिरातीचा सांगाडा होता, राजकीय नव्हता. पण "कोण विचारतोय?" ही वृत्ती दोन्हीकडे एकच. महामार्गाच्या कडेला, ट्रेलर भरधाव जात असताना, वळणावर समोरचं दिसू न देणारा फ्लेक्स हा प्रेमाचा आविष्कार नाही. तो धोका आहे.

आता शेवटचं, आणि हे थोडं बोचेल. ह्या फ्लेक्सचा वाचक गावात नसतोच. गावातल्या म्हातारीला सगळं माहीत असतं, कोणी काय केलं आणि काय खाल्लं ते. वर्षअखेरीच्या पोस्टचा खरा वाचक म्हणजे पुण्यात, ठाण्यात, खारघरला, नाहीतर थेट न्यू जर्सीत बसलेला गावचा पोरगा. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो, गावाबद्दल त्याला उमाळा असतो, आणि फेसबुकवर "दादा, अभिमान आहे तुमचा" असं लिहून मोकळा होतो. शिकलेला आहे, ऑफिसात एक्सेल शीटमधला एक रुपयाचा फरक शोधायला रात्र जागवतो, पण गावच्या लाखो रुपयांची शीट उघडत नाही.

आणि ती शीट उघडी आहे, मंडळी! केंद्र सरकारचं ई-ग्रामस्वराज पोर्टल २०२० पासून आहे. राज्य निवडा, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा. विकास आराखडा, आलेला निधी, झालेला खर्च तिथे दिसतो. जे दिसत नाही, किंवा दिसतं पण पटत नाही, त्यासाठी माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आहे, १० रुपयांत अर्ज. ज्यांचं नाव अजून गावच्या मतदार यादीत आहे त्यांना ग्रामसभेत बसायचा आणि बोलायचा पूर्ण हक्क आहे.

रायगड जिल्हा परिषदेची मुदत २०२२ साली संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं निवडून दिलेला एकही सदस्य तिथे नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. त्या काळातही आभाराचे फ्लेक्स लागतच होते. माजी सदस्य, भावी सदस्य, सगळ्यांचे. पद नव्हतं, अधिकार नव्हते, पण ऋण व्यक्त करणं अखंड चालू. ह्यावरूनच कळतं की त्या मजकुराचा कामाशी संबंध किती आहे ते.

तेव्हा येत्या ३१ डिसेंबरला अशी पोस्ट समोर आली की रागावू नका, शिव्या देऊ नका. खाली नम्रपणे एवढंच लिहा: "दादा, आपल्यालाही नववर्षाच्या शुभेच्छा. ह्या वर्षी गावात कुठलं काम किती रुपयांत झालं, पैसे कुठून आले आणि काय राहिलं, तेवढं टाकाल का?" एकाने लिहिलं तर डिलीट होईल. पन्नास जणांनी लिहिलं तर नाही होणार. आणि जो खरंच काम करणारा असेल तो आनंदाने सांगेल, कारण आजवर त्याला हे कोणी विचारलेलंच नाही.

नाहीच सांगितलं तरी हरकत नाही. ३१ डिसेंबरनंतर सव्वीस दिवसांनी २६ जानेवारी येते, आणि त्या दिवशी गावोगावी ग्रामसभा भरते. शंभर माणसं पुरतात.